सुभेदारणीच्या वाट्याचा हरभरा

हरभऱ्याला घाटे धरू लागले की माझे कान आपोआप आभाळाला लागतात. गुडघ्यांनी संप केल्यापासून मी खाली बघून चालते. पौषात मात्र मान वर करून चालते आणि दिवसाआड कशाला तरी ठेचकाळते. आज उजाडता उजाडता अंगणात मशेरी लावत उभी होते. शाळूच्या कणसांवर धुकं बसलेलं, चुलीचा धूर वर जायचं सोडून जमिनीलगत रेंगाळत होता, आणि तेवढ्यात उत्तरेकडून तो आवाज आला. जुन्या सायकलचा रबरी भोंगा कुणीतरी लांबून, फुरसतीनं दाबत यावं तसा. आधी एक, मग त्याला उत्तर देणारा दुसरा, मग सगळी वरातच. धुक्यात दिसलं काहीच नाही. पण शेततळ्याच्या कडेला सुभेदारणीनं मान ताठ केली, एक डोळा आभाळाकडं लावला, आणि माझं बोट तोंडातच राहिलं.

सुभेदारीण म्हणजे आमची हंसीण. बाजारात ही पाखरं राजहंस म्हणून विकतात. गोष्टींतले राजहंस मोती टिपतात म्हणे. आमची ही चिखलात मानेपर्यंत तोंड खुपसून गोगलगायी शोधते, वर येते तेव्हा गालाला शेवाळ चिकटलेलं असतं, आणि तरी चालते अशी की समोरच्यानं वाट सोडावी.

आमच्या खटावाच्या कोरड्या अंगाला योजनेचं पाणी आलं, शेतात तळं झालं, आणि पाण्यामागं बेडूक, बेडकांमागं साप आले. दोन घोणसी अंगणातच निघाल्यावर कऱ्हाडजवळच्या मलकापुरातून मुनीरभाईंकडून ही जोडी आणली. मुनीरभाई पाखरांचे पिढीजात व्यापारी. ते म्हणाले होते, ही असली की साप फिरकत नाही, आणि पाव्हणाही. दोन्ही खरं निघालं. नराची पुढं काढलेली छाती बघून मी त्याला सुभेदार म्हणाले, आणि तिथं घरात पेच पडला. आमचे मालक फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. सगळी वस्ती त्यांना हवालदार म्हणते. त्यांच्या माघारी मीही. रोज सकाळी उठून आपल्यापेक्षा वरच्या हुद्द्याच्या पाखराला दाणे टाकायचे, हे काही त्यांना रुचेना. हुद्दा बदल म्हणाले. मी म्हणाले, आता ऑर्डर निघाली.

सात वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षात, भल्या सकाळी, मोकाट कुत्र्यांची टोळी तळ्यावर आली. आम्ही काठ्या घेऊन पोचेपर्यंत जे व्हायचं ते झालं होतं. सुभेदारीण पाण्याच्या मधोमध होती, अंगावर ओरखडा नाही. सुभेदार काठावर, पंख पसरलेले, तोंड कुत्री आली त्या वाटेकडं. पाण्यावर पांढरी पिसं तरंगत होती आणि त्यांच्यामधून ती गोल गोल फिरत होती. हवालदारांनी बांधालगत खड्डा खणला. पुरल्यावर टोपी सारखी केली. सलाम नव्हता तो, पण टोपी उगीचही सारखी केलेली नव्हती.

त्यानंतर ती खाईना. ज्या जागी तो पडला तिथंच उभी राहायची, दिवसभर. मका टाकला, भिजवलेली भाकरी टाकली, कोवळा लसूणघास टाकला. चिमण्यांनी खाल्लं. आठवड्याभरात तिच्या छातीचं हाड हाताला लागायला लागलं.

मी तेव्हा चौसष्टची, म्हणजे अगदीच अल्लड होते. शिवाय त्या अल्लड बाईला एक घमेंड होती. तिनं तोवर तेवीस लग्नं जुळवलेली. विटा म्हणू नका, आटपाडी म्हणू नका, पाटणच्या घाटापर्यंत तिची सोयरीक पोचलेली. मुलगी चहाची कपबशी घेऊन बाहेर आली की तिच्या पावलांवरून ही सांगायची, जमेल की नाही. तिला वाटलं, यात काय एवढं? एक गेला, दुसरा आणायचा. पातळ नेसली आणि मलकापूरची गाडी धरली.

मुनीरभाईंनी एक तरणा नर दाखवला. चोच नारिंगी, चाल जरा बावळट, पण खानदान चांगलं. मी त्याचे पाय बघितले, पंख उलगडून बघितले, मान वर करून घेतली. आजवर एवढ्या मुली पारखल्या, आता मुलाची पाळी आली म्हणून मनातून खूश झाले. पोत्यात घालून देताना मुनीरभाई म्हणाले, "काकी, ह्ये काय कोंबडी न्हवं. मधी जाळी मारा. म्हैना लागंल, दोन लागतील. ती आपनहून जाळीपाशी बसाय लागली की मग दार उघडा. त्येच्या आदी न्हाई."

तेवीस लग्नं जुळवलेल्या बाईला जाळी सांगतात. मी हो हो म्हणाले आणि घरी येऊन पोत्याचं तोंड थेट तळ्याकाठी उघडलं.

पुढचं सांगायला आजही लाज वाटते आणि हसूही येतं. आठ दिवसांची उपाशी हंसीण, पण अशी धावली की नवरदेवाला पळता भुई थोडी झाली. गोठ्यात शिरला, तिथून स्वयंपाकघरात, आणि शेवटी हवालदारांच्या बाजेखाली जाऊन बसला. हवालदार बाजेवर पेपर वाचत होते. त्यांनी खाली वाकून बघितलं आणि त्याचं नाव रंगरूट ठेवलं.

पण मी हार मानणारी नव्हे. माझं माहेर मेंढरांचं. आई मेलेलं कोकरू दुसऱ्या मेंढीला लावायचं असलं की माझा बा तिच्या मेलेल्या कोकराचं कातडं या पोरक्याच्या पाठीवर बांधायचा. मेंढी हुंगायची, घटकाभर विचार करायची आणि पान्हा सोडायची. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. मग काय, सुभेदार ज्या पेंढ्यावर बसायचा तो पेंढा आणला, त्याची चार पिसं आणली, आणि रंगरूटाला मांडीत दाबून डोक्यापासून शेपटापर्यंत चोळलं. पिसं मानेला दोऱ्यानं बांधली. पोरगं तुऱ्याचा फेटा बांधलेल्या नवऱ्यासारखं दिसायला लागलं. मेंढी नाकानं ओळखते; हंस ओळखतो डोळ्यांनी आणि कानांनी, हे माझ्या बापाला ठाऊक असायचं कारण नव्हतं आणि मला विचारायची सवय नव्हती. सुभेदारणीनं ती पिसं बघितली. या वेळी ती धावलीसुद्धा नाही. पाठ फिरवली आणि पाण्यात जाऊन बसली. तिचं धावणं बरं होतं असं वाटलं मला.

वन्सं गोठ्याच्या दारात उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. वन्सं म्हणजे माझी नणंद, हवालदारांची धाकटी बहीण. आमच्यातच राहतात. बोलणं मोजकं. त्यांनी माझ्या हातातून रंगरूटाला घेतलं, दोरा सोडला, आणि म्हणाल्या,

"वैनी, तिला इचारलं व्हतं का?"

एवढंच. नेहमीसारखं, धारेची बादली उचलता उचलता.

पण मला ते पेंढ्याच्या कुसासारखं टोचलं आणि निघेना. कारण वन्सं तेवीस वर्षांच्या असताना त्यांचे मालक घाटात ट्रक उलटून गेले, आणि वर्षाच्या आत त्या एक पेटी घेऊन आमच्या दारात आल्या. पुढं दोन वर्षांनी एक माणूस निरोप घेऊन आला. पाटणकडचे एक मास्तर, त्यांचीही बायको बाळंतपणात गेलेली, त्यांनी वन्संसाठी विचारलं होतं. हवालदार तेव्हा सरहद्दीवर. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. घराचा कारभार माझ्या, पंचवीस वर्षांच्या, अतिशहाण्या हातात. मी त्या माणसाला चहा दिला आणि म्हणाले, आमच्यात असलं चालत नाही. घराण्याचं नाव पुढं केलं. घराण्याला काय पडलं होतं! खरी गोष्ट अशी की दावणीला तीन म्हशी होत्या आणि वन्सं गेल्या असत्या तर धारा कोण काढणार, हा घोर मला पडला होता. त्या वेळी वन्सं घरामागच्या परड्यात शेणी थापत होत्या. चहाची कपबशी त्यांनीच विसळली. कुणाची, ते मी सांगितलं नाही.

तेवीस लग्नं जुळवणाऱ्या बाईच्या घरात हे एक न विचारलेलं लग्न होतं, आणि त्या बाईनं ते कधी मोजलं नव्हतं.

मग मात्र हवालदारांनी मुकाट्यानं जाळी मारली. रंगरूट जाळीच्या आत, सुभेदारीण बाहेर. तो दिवसभर जाळीला छाती लावून उभा, ती तिकडं पाठ करून. तिच्या पाठीवरचा पिसांचा तजेला गेला होता. मुनीरभाई म्हणाले होते दोन महिने. मला वाटत होतं ती आठ दिवसही काढणार नाही.

आणि मग एका सकाळी तळ्यावर ती नव्हतीच.

कुत्र्यांचं भय मनात, म्हणून तिघंही धावलो. पूर्वेचा हरभऱ्याचा तुकडा धुक्यात बुडाला होता. आमच्याकडं या दिवसांत पहाटेची रानबदकं हरभऱ्यावर उतरतात, पाला खुडतात, आणि चार कोसांवरच्या मोठ्या तलावाकडं निघून जातात. त्यांना हाकलणं हा आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग. लग्न होऊन आले तेव्हा मी शेतातल्या राखणीच्या माळ्यावर उभी राहून गोफण फिरवायचे. माझ्या नेमाची ख्याती होती आणि मला त्या ख्यातीची. अंधारात करड्या पुंजक्यावर दगड भिरकवायचा, फडफड झाली की जिंकलो. नोकरी संपवून आल्यावर हवालदारांनी गोफण सोडून फटाके घेतले. त्यांनी खोपीतूनच सुतळी बाँब लावायचा, आणि मी घरातूनच शाबास म्हणायचं. जवळ जाऊन कुणी कधी बघितलं नव्हतं. कशाला बघायचं?

त्या दिवशी फटाका लावता येईना, कारण करड्या पुंजक्यात एक पांढरा ठिपका होता. आमची सुभेदारीण. हवालदार काठी घेऊन वाकत वाकत बांधावरून पुढं गेले, मागं मी, मागं वन्सं. हरभऱ्याच्या पाल्यावरची आंबट ओल, ती आंब, पायांना झोंबत होती, पातळाचा घोळ ओला होऊन नडगीला चिकटत होता. सूर्य टेकडीवर आला आणि धुकं एकदम पातळ झालं.

चाळीसभर असतील. राखाडी अंग, पिवळी चोच, आणि पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, जणू कुणी काजळाची बोटं ओढलेली. माना खाली घालून चरत होती. एक मात्र मान वर करून राखणीला. आणि त्यांच्या मधोमध आमची ही, सगळ्यांपेक्षा जाडजूड, ढोबळ, चिखलानं माखलेली, हरभऱ्याचा शेंडा खुडून खात होती.

खात होती.

मी हवालदारांकडं बघितलं. त्यांच्या हातातली काठी खाली आली होती. तोंडाचा रंग उतरलेला. मला वाटलं छातीत कळ आली की काय.

"अगं," ते म्हणाले, "ही तर वरची."

आमच्या घरात 'वर' म्हणजे लडाख. तिथं ते तीन वर्षं होते. तिथलं ते कधी सांगत नाहीत. विचारलं तर थंडी होती म्हणतात. त्या दिवशी बांधावर उकिडवे बसून हलक्या आवाजात सांगत राहिले. तिथं बर्फाच्या डोंगरांत खाऱ्या पाण्याचं मोठं तळं. उन्हाळ्यात याच पट्टेवाल्या पाखरांची अंडी काठाला. त्यांनी बोटानं स्वतःच्या डोक्यामागं दोन रेघा ओढून दाखवल्या.

"आमी चार पावलं टाकायचो आन् दम खायला हुबं ऱ्हायचो. बोलाय जमत नव्हतं. आन् ही आमच्या डोस्क्यावरनं जायची, डोंगराच्या बी वरनं. वरडत. आमाला वाटायचं, ही जात्यात तरी कुठं."

मग म्हणाले, "आपल्या हरभऱ्यावर येत व्हती. आन् मी तीस वर्सं फटाकं लावलं."

मला आठवली ती माळ्यावरची पंचवीस वर्षांची पोर, गोफण फिरवणारी. हिमालय ओलांडून, तिच्या नवऱ्याच्या डोक्यावरून उडून जे आलं होतं, त्याला तिनं दगड मारला होता. तो तिथं एकटा, ती इथं एकटी. पोस्टाचं पत्र यायला तेव्हा पंधरवडा लागायचा. ही पाखरं तिथूनच आलेली, तिच्या हरभऱ्यात उतरलेली, आणि ती त्यांना हुसकून लावून पोस्टमनची वाट बघत बसायची. येड्यासारखी.

त्या दिवसापासून फटाके बंद. पूर्वेचा कोपरा, चार वाफे, हवालदारांनी काठ्या रोवून वेगळा काढला आणि जाहीर केलं की हा सुभेदारणीच्या वाट्याचा. शेजारपाजारचे हसले. हवालदाराला म्हातारचळ लागला म्हणाले. हवालदार म्हणाले, वरनं हुकूम आलाय.

रोज पहाटे वन्सं सुभेदारणीला हरभऱ्यापर्यंत सोबत करायच्या, कुत्र्यांच्या भीतीनं. पुढं हंसीण, मागं डोक्यावर पदर घेतलेल्या वन्सं, दोघी सारख्याच डुलत चाललेल्या. मग बांधावर बसायचं, पाखरं उठेपर्यंत. दोन दिवसांनी मीही जायला लागले. गोधडीत पाय गुंडाळून आम्ही दोघी बसायचो. शाळूच्या पानांवरून दव ठिबकायचं. पाखरं चरताना आपापसांत हलकं पुटपुटायची. बायका निवडणं-टिपणं करताना बोलतात ना, ऐकणारं कुणी असो नसो, तसं. त्या रानटी पाखरांनी आमच्या हिला जवळ केलं असं म्हणणार नाही. हाकललं नाही, एवढं खरं. तिनं एक पाऊल टाकलं की शेजारची अर्धं पाऊल सरकून जागा द्यायची. दुःखातल्या बाईला आणखी काय लागतं, हे मला चौसष्टाव्या वर्षी कळत होतं.

तीनचार आठवड्यांनी, असंच बसलो असताना, मी विचारलं. आधी घसा खाकरला, मग गोधडी सारखी केली, मग पुन्हा घसा खाकरला. शेवटी पाटणच्या मास्तरांचा निरोप, ती कपबशी, म्हशी, सगळं सांगून टाकलं. म्हणाले, वन्सं, मी तुम्हाला विचारलं नाही.

वन्सं हरभऱ्याकडंच बघत होत्या. मग म्हणाल्या,

"ठावं हाय मला. भिताडाला कान नसत्यात व्हय?"

मी मान खाली घातली.

"तवा इचारलं असतं, तर मी न्हाईच म्हनले असते. मास्तराला दोन पोरं व्हती, आन् मला ह्ये घर सोडायचं नव्हतं." सुभेदारणीनं मान वर केली तशा थांबल्या, तिनं पुन्हा खाली घातल्यावर बोलल्या. "पर इचाराय पायजे व्हतं, वैनी."

मग खांद्यावरची गोधडी ओढून अर्धी माझ्या अंगावर टाकली. अर्धं पाऊल सरकल्यासारखी.

फाल्गुनात हरभरा निघाला. तो कोपरा तसाच ठेवला होता, पाखरांनी बोडका केलेला. एका सकाळी पाखरं चरलीच नाहीत. माना वर, सगळ्यांची तोंडं उत्तरेला. एकदम उठली. डोक्यावर एक घिरटी घातली, दुसरी घातली, आवाजानं आभाळ भरलं. आणि आमची सुभेदारीण धावली. पंख पसरून, मान लांब करून, धसकटांतून धावत सुटली. ती जात उडणारी नाही. अंगात एवढं वजन, पंखांत तेवढा जोर नाही. तरी बांधापाशी ती उचलली गेली. हातभर, फार तर दीड हात. बांध ओलांडून पलीकडं ढेकळांत जाऊन पडली. वर तिरकी रांग लहान लहान होत गेली, आधी माळ, मग दोरा, मग काही नाही. हवालदार त्यानंतरही बराच वेळ तिकडं बघत होते. ती कुठं चालली आहेत हे आमच्या तालुक्यात त्यांनाच ठाऊक होतं.

दिवसभर ती ढेकळांत उभी होती. मला धसका बसला, आता ही पुन्हा अन्न सोडणार. ऊन कलल्यावर वन्सं गेल्या आणि तिला घेऊन आल्या. तळ्यापाशी आल्यावर ती पाण्यात उतरली नाही. सुभेदार पडला त्या जागीही थांबली नाही. सरळ जाळीपाशी गेली. रंगरूट अडीच महिने जाळीला छाती लावून लावून तिथली पिसं झिजवून बसला होता. तो एक पाऊल मागं सरकला. ती जाळीला लागून बसली. पाठ त्याच्याकडंच, पण बसली.

माझा हात दाराच्या कडीकडं गेला.

"थांबा, वैनी," वन्सं म्हणाल्या.

थांबले. तेवीस लग्नांत मी एवढी कधी थांबले नव्हते. दहा दिवस ती रोज तिथं येऊन बसली. आधी पाठ करून, मग कुशीवर, मग एक दिवस तोंड करून. जाळीच्या भोकातून त्यानं तिच्या मानेचं एक पीस सारखं केलं आणि ती गप्प राहिली. तेव्हा वन्संनी दार उघडलं. ती आत गेली नाही. तोच बाहेर आला. ती पाण्याकडं चालू लागली, हा दोन पावलं मागं. हवालदारांनी तिथल्या तिथं त्याला नाईक केलं.

सात वर्षं झाली. नाईकाला अजून पुढची बढती नाही. हवालदार म्हणतात, सुभेदार एकच. पौष आला की ती आभाळाकडं डोळा लावते, हाक देते, आणि पहाटे आपल्या वाट्याच्या हरभऱ्यात जाते. नाईक बांधापर्यंत सोबत जातो आणि बांधावरच उभा राहतो. त्याला कुणी सांगितलेलं नाही. ती परत येईपर्यंत तो तिथून हलत नाही, आणि ती परत येते. मी बरीच लग्नं बघितली आहेत. असं बांधावर उभं राहता येणारे फार थोडे बघितले.

आणि मी आता वन्संना सगळं विचारते. भाजी कुठली करू, दार लावू का, चहा टाकू का. त्या बहुतेक न्हाई म्हणतात, आणि मग कप पुढं करतात. आज तो आवाज आला तेव्हाही मी चूळ भरून आधी त्यांच्या खोलीच्या दाराशी गेले. म्हणाले, वन्सं, पाखरं आली. जायचं का बघायला?

"न्हाई," आतून आवाज आला. "लय गारठा हाय."

मी गोधडी घ्यायला वळले, तर त्या चपला घालून अंगणात उभ्या.